ओढायचं का ढकलायचं

१८ ऑगस्ट, सोमवार

नंदे,

तुझ्या आजीनं, म्हणजे सुभद्राबाईनं, तुझ्या डोक्यावरून इथूनच हात फिरवला असं समज अन् मग पुढं वाच.

तुझं पत्र सत्यमनं बीडवरून कागदावर छापून आणलं. तुझा भाऊ क्लासला गेल्यापासून लई कामाचा झालाय. माझ्या पत्राचे फोटो काढून तोच तुला धाडतो, नाहीतर स्वीडनचं तिकीट कुठलं लावायचं हे मला काय कळतंय. मी दुसरीपर्यंत शाळेत गेलते, तरी तुझं पत्र सगळं वाचलं. मग शेजारच्या छबूबाईला वाचून दाखवलं. मग म्हशीला. म्हैस उठून गेली न्हाई.

वडवणीच्या बाजारात भेंडीवाली म्हणली, "आजी, नात एवढ्या लांब कशाचं शिकतीय?"

म्हणलं, "मशीनपुढं माणूस चुकतो कावून, त्याचं."

"चुकायला इमानानं जावं लागतं व्हय?"

म्हणलं, "बये, तू तोल." पण घरी येईपर्यंत मला हसू फुटत होतं. आपल्या घरात चुकीचंसुद्धा शिक्षण झालं, दुसऱ्यांच्या घरात नुसत्या चुका.

तुझ्या बापाचं म्हणशील तर आजिनाथ अजून तसाच. तू सुंदररावाच्या पोराला, रामला, लग्नाला नकार देऊन इमानात बसलीस, त्या दिवशी त्यानं तुझ्या आईचा, मनिषाचा, फोन दगडावर आपटला. काचा मनिषाच्या पायात गेल्या, हे तुला कुणी सांगितलं नसंल. नंदीचा फोन या घरात कुणी घ्यायचा न्हाई अशी शपथ घातली सगळ्यांना. पत्राची शपथ घालायचं त्याच्या ध्यानातच आलं न्हाई. माझं पोरगं हाय, पण अक्कल बापाची.

त्याचं तरी काय, भाकरी सुंदररावाच्या शेडातली. शेडात कडबाकुट्टीची मशीनं बनतात, अन् आजिनाथ बाजारोबाजार ती चालवून दाखवतो. सुंदरराव पुढारी, त्याच्या मशीनला न्हाई कोण म्हणणार?

आता तुझ्या कामाचं. तू लिहिलंस, आजी, त्या मशीनमधे ज्यांचे हात गेले त्यांना भेट. आधी विचार, सांगायची मर्जी हाय का. मग एवढंच विचार की हात अडकला त्या घडीला तुमी काय केलं. चूक कुणाची ते विचारू नको. यावर तुझा शेवटच्या वर्षाचा मोठा अभ्यास उभा राहणार अन् तो जूनमधे तू मोठमोठ्या लोकांपुढं मांडणार. नंदे, मला उभ्या जन्मात कुणी काम सांगितलं ते धुण्याचं नाहीतर खुरपायचं. हे काम लई आवडलं मला. चष्मा पुसून घेतला.

छबूबाईपासून सुरवात केली. ती म्हणली, कडबा सारत होते, धाटाबरोबर पदर गेला, पदराबरोबर बोटं. आधी दुखलंच न्हाई. बांगड्या फुटल्याचा आवाज आला. मग हाडाचा. मालक बैल सोडत होते, ते पळत येईस्तोवर हात कोपरापर्यंत आत. नंतर कुट्टीत बोटं सापडली ती कुत्र्यानं, जाऊ दे, तुझी जेवायची वेळ असंल.

त्या घडीला काय केलंस, असं विचारलं. म्हणली, "दुसऱ्या हातानं मशीन थांबवायचा दांडा आपल्याकडं ओढला की. जीव खाऊन ओढला. जेवढा मी ओढला तेवढं ते मला खात गेलं."

कासार आला की छबूबाई दोन्ही हातांच्या बांगड्या एकाच हातात भरती. बाया नावं ठेवत्यात. ती म्हणती, माझा नवरा सगळा जिता हाय, अर्धा न्हाई.

नीट जेव. तिकडं ज्वारी मिळती का?

तुझी आजी


१२ ऑक्टोबर, दिवाळीच्या तोंडावर

राजनंदिनीबाईसाहेब,

बाईसाहेब म्हणले कारण आता मी तुझी नोकर हाय. चप्पल झिजली पार.

ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्याला निघायच्या आत माणसं गाठायची होती. धुळाजीला तर ट्रकवर चढताना गाठलं. एका हातानं ऊस तोडतो अन् बायको मोळ्या बांधती. तो ट्रकच्या फाळक्यावरून ओरडून सांगत होता, मी खालून ऐकत होते, मुकादम हॉर्न वाजवत होता. त्याचा हात गेला तवा धाट आत घेणारे रूळ त्याचं मनगट चावत होते अन् तो दुसऱ्या हातानं दांडा ओढत होता. शेवटी त्याच्या भावानं कुऱ्हाडीनं हातच तोडला, म्हणून खांदा वाचला. भाऊ त्या दिवसापासून मटण खात न्हाई. शहादेवची बोटंच गेली. त्यानंही ओढला. जो भेटला त्यानं ओढला.

मग तुझं दुसरं पत्र आलं. तू विचारलंस, आजी, बैल उधळला तर कासरा कुठं ओढतेस?

आपल्याकडं, दुसरं कुठं!

अन् सुंदररावाच्या मशीनचा दांडा आपल्याकडं ओढला की रूळ आत घेतात, पुढं ढकलला की बाहेर टाकतात. बाई गं. मी कागद धरून तशीच बसले, चुलीवर भाकर जळली. ज्यानं जन्मभर कासरा ओढून बैल थांबवला तो जीव जाताना दांडा ढकलंल कसा? अन् दुसऱ्यांची मशीनं तशी नसत्यात म्हणतीस. यानंच उलटं का केलं? स्वस्तात बसतंय म्हणून?

मी ही गोष्ट गावभर सांगितली. सांगू नको असं तू लिहिलं नव्हतंस.

म्हणून सुंदरराव घरी आला, संगं राम. मी चुलीपुढं, मनिषा दूध तापवत होती, आजिनाथ दारात.

सुंदरराव लई गोड बोलतो. "आजी, चष्मा लावून कशाची गणती चाललीय?"

म्हणलं, "हातांची. तुमचे दोन हायत, बसा."

"मशीन चुकत न्हाई आजी. लोकं पिऊन हात घालत्यात अन् मग माझ्या नावानं रडत्यात. आजिनाथ, सांग बे तुझ्या मायला."

तुझा बाप म्हणला, "गाढवं हायत ती. मी रोज चालवतो, मला कधी खरचटलं न्हाई."

राम म्हणला, "म्हातारे, तुझ्या नातीनं आमचं नाक कापलं. आता धंदा कापायलीस व्हय?" अन् चुलीवरचं पातेलं लाथाडलं. उकळतं दूध मनिषाच्या पायावर गेलं. ती ओरडली न्हाई, पदर तोंडात धरला तिनं.

आजिनाथ म्हणला, "माय, माफी माग."

मी म्हणलं, "कुणाची? दुधाची?"

पाय आता बरा हाय. कातडी नवी आली, गोरी, मी तिला म्हणते एवढी एकच जागा गोरी हाय तुझी. हसती.

आणखी एक, सत्यानं पुढचे दोन दात काढून घेतले. दुखत होते. फोटोत तोंड मिटून दिसला तर मनाला लावून घेऊ नको.

तुझी नोकर, आजी


७ डिसेंबर

नंदे,

सगळं झकास. एवढंच लिहायचं होतं.

बरं, थोडं लिहिते. आजिनाथ सध्या घरीच असतो. आराम करतो. मनिषा त्याला भरवती, लाडानं. नवी नवरी असताना भरवलं नसंल तेवढं आता भरवती. मधे आमी सगळे अंबाजोगाईला राहून आलो. हवा चांगली. दवाखान्यातून देवीला जाऊन आले, म्हणजे देवीला जाताना दवाखाना लागतो. बाहेरून बघितला. मोठा हाय.

माझा खांदा जरा धरलाय, म्हणून अक्षर वाकडं आलंय. थंडीचा असंल.

तुझा अभ्यास कुठवर आला? तू तुझं बघ. इकडं बघण्यासारखं काही न्हाई.

आजी


२८ डिसेंबर

नंदे,

इमानाचं तिकीट परत कर.

सत्याला मी देवाची शपथ घातली होती, तरी बोलला. बरं झालं, मला खोटं लिहायचा लई कंटाळा आला होता, शब्द सापडत न्हाईत. आता सगळं सांगते, पण तू येणार न्हाईस या बोलीवर. जूनमधलं तुझं मांडणं बुडलं तर सुंदरराव पेढे वाटील.

माझ्या सांगण्यानं लोकं बिचकली. दोघांनी मशीन परत नेऊन टाकलं. तवा सुंदररावानं वडवणीच्या भर बाजारात मशीन लावलं अन् आजिनाथला उभं केलं. भोंग्यावर आजिनाथच बोलत होता, "या, बघा, लेकरू चालवील असं मशीन!" मी गर्दीत होते. त्यानं मला बघितलं. भोंग्यावरच म्हणला, "माय, ये अशी म्होरं! तुझ्या नातीला लिहून कळव, काही होत न्हाई ते!"

लोकं हसली. तो माझ्याकडं बघून हसत होता अन् हातानं धाटाचं बूड आत सारत होता.

मग हसू तसंच ऱ्हायलं तोंडावर, अन् हात गेला.

नंदे, त्यानं काय केलं माहिती हाय? ज्या दांड्याला तो रोज हात लावतो, तोच दांडा दुसऱ्या हातानं आपल्याकडं ओढला. अन् ओरडत होता, "होऽ! होऽ! होऽ!" रूळ खात होते. हाडाचा आवाज छबूबाईनं सांगितला होता तसाच हाय. रक्ताची पिचकारी शेजारच्या भेंडीवर. सगळा बाजार ओरडत होता, ओढ, ओढ! मी पळाले अन् दोन्ही हातांनी दांडा ढकलला. राम माझा दंड धरून मागं खेचत होता, "म्हातारे, ओढ ते, ओढ!" मी त्याच्या हाताला चावले अन् ढकलला. रूळ उलटे फिरले. हात बाहेर आला, म्हणजे राहिला होता तेवढा. मनगट न्हाई, पण कोपर हाय.

आजिनाथ मातीत पडला. कुणी फडकं बांधायच्या आत सुंदरराव भोंग्यावर म्हणला, "पिलाय हा! वास घ्या, पिलाय!"

भेंडीवालीच्या तराजूत दोन किलोचं वजन होतं. ते मी घेतलं अन् सुंदररावाच्या तोंडावर हाणलं. दात पडले. सत्याचे दात दुखत नव्हते, रामच्या टोळीतल्या पोरांनी एसटी स्टँडमागं पाडले होते, ते आता सांगून टाकते. मग रामनं काठीनं माझा खांदा फोडला, शहादेवनं रामला धरलं, रामच्या पोरांनी शहादेवला तुडवला, लोकांनी त्या पोरांना. वांगी, टोमॅटो, रक्त सगळं एक झालं. एकाला तर मिरच्यांच्या पोत्यावर पालथा पाडून त्याचं तोंड मिरच्यांत रगडत होते. मला ते बघून बरं वाटलं, हे तुझ्या अभ्यासात लिहू नको.

फौजदारानं मला ठाण्यात नेलं. "आजी, ते वजन कुठाय?"

म्हणलं, "बाईला परत दिलं. तिचा धंदा थांबला असता."

त्यानं चहा पाजला.

पण नंदे, खरं संकट आता पुढं हाय. सुंदररावाचा माणूस दवाखान्यात आला. तोंडाला पट्टी होती म्हणून सुंदरराव स्वतः आला न्हाई. तो माणूस आजिनाथला म्हणला, 'मी पिलो होतो' एवढं लिहून अंगठा दे, सुंदरराव तुला शेडावर जन्मभर राखणदार म्हणून ठेवतील. अन् आजिनाथ देतो म्हणतोय.

मी म्हणलं, "तू आयुष्यात थेंब घेतला न्हाईस!"

तो म्हणला, "माय, मला माहिती होतं ढकलायचं. मीच लोकांना दाखवायचो. मग मी ओढला कावून? गाढव म्हणवून घेण्यापरीस बेवडा म्हणवून घेतलेलं बरं."

हे बोलून त्यानं दातानं पट्टी सोडायला घेतली. टाके तुटले, रक्त माझ्या लुगड्यावर. घरी आणल्यावर विहिरीकडं निघाला होता. मनिषानं पायाला मिठी मारली, त्यानं तिला लाथा घातल्या, तिनं सोडला न्हाई. तिचा गाल अजून काळा हाय.

मी त्याला बैलाचं सांगितलं. म्हणतो, म्हातारीचं काहीतरी. माझ्याकडून ते त्याच्या डोक्यात शिरत न्हाई, मी नुसती त्याची माय हाय. तू त्यातलं शिकलीस, तुझं ऐकंल.

संक्रांतीनंतर तो माणूस कागद घेऊन येणार हाय. त्याच्या आत फोन कर. शपथ फोन घेण्यावर हाय, कानाला लावण्यावर न्हाई. मी लावते.

आजी


१७ जानेवारी

माझ्या वाघिणी,

तुला काल फोनमधे आवाज ऐकू गेला. चेहरा मी सांगते.

सत्याचा फोन आवाज मोठा करून मी तुझ्या बापाच्या कानाला लावला तवा त्याला वाटलं दवाखान्याचा हाय. तू म्हणलीस, "मी राजनंदिनी. तुमाला एक विचारायचं हाय. सांगायची मर्जी नसंल तर नका सांगू, मी फोन ठेवते." तशी परकी बोललीस तू, मला राग आला. धुळाजीला विचारावं तसं बापाला!

शिव्या तू ऐकल्यास. सगळ्या ऐकल्यास का मधे फोन कानापासून लांब धरलास? मी असते तर धरला असता. पण नंदे, शिव्या देताना तो फोनाकडं सरकत होता. डाव्या हातानं त्यानं फोन माझ्याकडून स्वतःच घेतला. "मेलीस तू मला" म्हणला, तवा फोन घट्ट धरलेला होता.

मग तू विचारलंस, "हात अडकला त्या घडीला तुमी काय केलं?"

"ओढला. गाढव हाय तुझा बाप. लिही. तिकडच्या गोऱ्यांना सांग."

"आणि काय केलं?"

"काय करणार? ओरडलो."

"काय ओरडलात?"

इथं त्यानं मनिषाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. खरंच त्याला आठवत नव्हतं. मी तोंड उघडणार होते, पण तू आधीच ताकीद दिली होतीस, आजी, तू सांगायचं न्हाई. मी पदर दाताखाली धरला.

"होऽ म्हणलो," तो म्हणला. "होऽ, होऽ."

मग तू म्हणलीस, "बाबा, होऽ कुणाला म्हणतात?"

तुला वाटलं असंल फोन कटला. कटला नव्हता. त्याचा डावा हात फोन मांडीवर सोडून पुढं आला, मूठ वळली, अन् त्यानं आपल्याकडं ओढली. हळू. परत एकदा ओढली. मग तुटक्या हाताकडं बघितलं. दोन्ही बैल विकून सुंदररावाकडं कामाला लागला तरी अंगातून बैल गेले नव्हते त्याच्या. "बैलाला," तो म्हणला, ते तू ऐकलंस. त्याच्यानंतर जे कण्हणं ऐकलंस ते दुखण्याचं नव्हतं. त्यानं उशी दातात धरली होती अन् फाडली. घरभर कापूस झाला.

रात गेली तशी त्यानं भाकर मागितली. मनिषा भरवायला बसली, तर म्हणला, "सर बाजूला. मी खातो." सगळी सांडली. खाल्ली.

तुझी लई खुश आजी


२ फेब्रुवारी

नंदे,

आमी सगळे जिते हाय, हे आधी वाच अन् मग बाकीचं.

सुंदररावाचा माणूस कागद घेऊन आला. आजिनाथनं कागद वाचायला लावला, सगळा ऐकून घेतला, "पिलो होतो" याच्यापर्यंत. मग उठला अन् बाहेर पडला. त्या माणसाला वाटलं शाई आणायला गेला. तो गेला होता घण आणायला.

दुपारचं टळटळीत ऊन. मी म्हणलं, मी येते. म्हणला, माय, आडवू नको. आडवतंय कोण, मी त्याच्या रिकाम्या बाहीला गाठ मारून दिली, लोंबत होती.

शेडात मशीनं ओळीनं रंगवून उभी होती, पिवळी, लाल. डाव्या हातानं घण उचलत नव्हता त्याला. पहिला घाव फरशीवर बसला, ठिणग्या. मी हसले, तो पण हसला गं, किती दिवसांनी. दुसऱ्या घावाला पहिल्या मशीनचा दांडा मोडला. तो नुसते दांडे मोडत होता. रूळ न्हाई, पातं न्हाई. प्रत्येक घावाला "होऽ!" म्हणत होता. कामावरची माणसं हत्यारं खाली ठेवून बघत बसली, एकानं तर हातातलं काम टाकून पुढचं मशीन त्याच्यासमोर सरकवून दिलं.

राम आला लोखंडी गज घेऊन. पहिलाच गज आजिनाथच्या कपाळावर. कातडी उघडली, डोळ्यात रक्त, तरी हा उभा. दुसरा गज उचलला तवा मी रामच्या कमरेला लोंबकळले. त्यानं मला भिंतीवर फेकली, बरगडी बोलली. पण तिसरा गज बसला न्हाई. त्याच्याच शेडातल्या माणसांनी रामला उताणा पाडला, हातावर गुडघे दिले अन् इतका कुटला की त्याची आई रस्त्यावरून ओरडत आली. तिला बघून मला वाईट वाटलं. थोडं.

मग परत तोच फौजदार. आजिनाथचं कपाळ माझ्या लुगड्यानं बांधलेलं, मी बरगडी धरून बाकावर. सुंदरराव समोर, नवे दात बसवलेत, बोलताना शिट्टी वाजती.

तो म्हणला, "साहेब, नुकसान लिहा. पिऊन फोडलीत यानं."

फौजदारानं आजिनाथच्या तोंडाचा वास घेतला. न्हाई आला. लिहायला बसला.

"मशीनं कावून फोडली?"

"चुकीची बनवलीत. दांडा उलटा हाय."

"तुमाला काय कळतं मशीनातलं?"

"मला न्हाई कळत. माझ्या लेकीला कळतं. ती त्यातलंच शिकतीय, स्वीडनला. साक्ष ती देईल."

सुंदररावानं शिट्टी वाजवली, म्हणजे हसला. फौजदारानं खिशातून फोन काढला. "सांगा नंबर. आत्ताच विचारू."

आजिनाथ उठून उभा राहिला. डोक्यावरून रक्त परत वाहायला लागलं होतं. त्यानं डावा हात पुढं केला अन् फौजदाराचा फोन खाली दाबला.

"आत्ता नको साहेब. जूनपर्यंत तिचा अभ्यास चाललाय. तवर मला आत ठेवा."

ठेवलं गं, एक दिवस. सत्या डबा घेऊन गेला होता.

तुझी आजी, सुभद्राबाई